फ्यूज उडतो तेव्हा



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वर्ध्याच्या उन्हाळ्याविषयी तुम्हांला वेगळे सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेला की गॅसपाशी उभे राहणे नको वाटते आणि घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे काम वाढते. अशाच एका दुपारी आमचा ओव्हन बंद पडला. जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला बोलावले. त्याने मागचे झाकण काढले, आतला फ्यूज बदलला, पैसे घेतले आणि तो गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नवा फ्यूज. तिसऱ्या खेपेला नववीत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, फ्यूज गरम करताना उडत नाही. दार उघडलं की उडतो!"

तो तरुण तिसऱ्यांदा आला. या वेळी त्याने अर्धा तास खर्च केला आणि समाधानाने सांगितले, "सर, आता नाही उडत पाहा." खरेच, दार दहा वेळा उघडले तरी फ्यूज शाबूत. मी सहज विचारले, "दोष काय होता?" तो म्हणाला, "एक वायर फालतूच शॉर्ट मारत होती. काढून टाकली."

ते ऐकले आणि मी ओव्हनचा प्लग काढला. त्या दुपारी मी का घाबरलो, हे समजण्यासाठी आपल्याला त्या पेटीच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये विस्तव नसतो, तापणारी तारही नसते. तेथे असते मॅग्नेट्रॉन नावाची एक निर्वात नळी. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी शक्तिशाली सूक्ष्मलहरी हव्या होत्या. बर्मिंगहॅम विद्यापीठातील रँडल आणि बूट यांनी १९४० मध्ये त्यासाठी नव्या रचनेचा मॅग्नेट्रॉन तयार केला. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत रडारच्या कारखान्यात काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाई अशा नळीजवळ वितळली. दुसरा कोणी खिसा खराब झाला म्हणून चिडला असता. स्पेन्सर यांनी 'का वितळली?' असे विचारले, आणि त्या प्रश्नातून १९४७ मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला. तो माणसाच्या उंचीचा होता आणि त्याचे वजन तीनशे किलोंहून अधिक होते!

आपल्या घरच्या ओव्हनमधील लहरींची कंप्रता २४५० मेगाहर्ट्झ असते, म्हणजे त्या सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावे घेतात. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागा. तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर येईल. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. विद्युतक्षेत्राची दिशा सतत पालटत राहिली की हे रेणू त्यामागे वळू पाहतात, शेजाऱ्यांना धडकतात आणि अन्न तापते. अन्न किरणोत्सारी वगैरे काही होत नाही. ओव्हन बंद केला की लहरीही संपल्या, जसा दिवा मालवला की उजेड संपतो.

पण ज्या लहरी भातातल्या पाण्याला तापवतात, त्यांना भात आणि माणूस हा भेद कळत नाही. आपल्या शरीरातही पाणीच आहे. विशेषतः डोळ्यांतील भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तेथे साठलेली उष्णता लवकर वाहून जात नाही. म्हणून या लहरी धातूच्या पेटीत कोंडून ठेवलेल्या असतात. दाराच्या काचेत जी जाळी दिसते, तिची छिद्रे जेमतेम एकदोन मिलिमीटरची असतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यांतून सुटतो, पण बारा सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखीच वाटते.

आता दार उघडल्यावर काय? दाराच्या चौकटीत तीन लहान स्विच लपलेले असतात. त्यांची जोडणी प्रत्येक कंपनी थोडी वेगळी करते, पण तत्त्व एकच. दोन स्विच वीज जाण्याच्या वाटेवर उभे असतात. दार उघडले की ते ती वाट तोडतात. तिसरा मात्र पहारेकऱ्यांवरचा पहारेकरी आहे. समजा, ठिणगीने पहिल्या स्विचचे टोक चिकटून बसले आणि दार उघडूनही तो वीज तोडेनासा झाला. अशा वेळी हा तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट सर्किट घडवतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे फ्यूज उडणे हा तेथे बिघाड नव्हताच. ते यंत्राने ओरडून सांगितलेले वाक्य होते : 'माझा एक पहारेकरी निकामी झाला आहे, मला वापरू नका!'

आमच्या दुरुस्तीत काय झाले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. चिकटलेला स्विच तसाच राहिला. ओरडणाऱ्याचे तोंड मात्र बंद केले गेले. उरला एकच स्विच. पुढेमागे तोही चिकटला असता, तर दार उघडे असताना ओव्हन चालू राहिला असता आणि समोर माझी मुलगी हात आत घालून उभी असती. दुसऱ्या दिवशी ओव्हन कंपनीच्या अधिकृत केंद्रात नेला आणि तिन्ही स्विच नवे बसवून घेतले.

या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, 'यंत्र चालू झाले' आणि 'यंत्र दुरुस्त झाले' ही दोन वाक्ये एकच आहेत, असे समजण्याची आपल्याला फार वाईट सवय लागली आहे. घराघरांत पाहा. फ्यूजची बारीक तार वारंवार वितळते म्हणून तेथे जाड तार गुंडाळली जाते. मग वितळायचे ते भिंतीतल्या वायरीने! तीन पायांचा प्लग बसत नाही म्हणून अर्थिंगचा जाड पाय तोडला जातो. कुकरची सुरक्षा-झडप उडाली की तिच्या जागी मिळेल ती बसवली जाते, पण वाफेची नळी का तुंबली ते कोणी पाहत नाही. या प्रत्येक ठिकाणी बिघाड तसाच राहतो, बिघाडाची खबर देणारा मात्र मारला जातो.

मग बिघाड शोधायचा तरी कसा? त्याला दोन साधे नियम आहेत. पहिला, शोध बाहेरून आत न्यावा. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले हे कळत नाही. हे दोन्ही नियम तुम्ही प्रयोगशाळेत वापरता. तेच स्वयंपाकघरात वापरून पाहू.

ओव्हन अगदी मुका झाला, दिवाही लागत नाही. प्रथम त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहा. तेही चालले नाही तर दोष ओव्हनचा नाही. घरातल्या विजेच्या बोर्डावर एखादे बटण पडले आहे का, पाहा. सॉकेट कोणते आहे तेही तपासा. १२०० वॅट वीज घेणारा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे ५.२ अँपिअर प्रवाह ओढतो. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला किंवा लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डाला हे ओझे कसेबसेच पेलते. बोर्ड कोमट लागला तर तीही एक खबरच समजा. ओव्हनला १६ अँपिअरचे, खरोखर अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट द्यावे.

दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न नीट तापत नाही. येथे तक्रारीपेक्षा मोजमाप बरे. काचेच्या किंवा ओव्हनला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात १ लिटर साधे पाणी घ्या. ढवळून तापमान मोजा. पूर्ण शक्तीवर बरोबर १ मिनिट तापवा. लगेच बाहेर काढून पुन्हा ढवळा आणि तापमान मोजा. १ लिटर पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. त्याला ६० सेकंदांनी भागले की सुमारे ७० येतात. म्हणजे तापमान जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, की पाण्याला मिळालेली शक्ती वॅटमध्ये मिळते. १० अंश वाढले तर ७०० वॅट. ओव्हनच्या पाटीवर बाहेर मिळणाऱ्या शक्तीचा जो आकडा असतो त्याच्याशी तुलना करा. भांडेही थोडी उष्णता खाते, म्हणून उत्तर किंचित कमी येणारच. पण ७०० ऐवजी ३५० आले तर काहीतरी चुकते आहे. लगेच मॅग्नेट्रॉनला दोष देऊ नका. संध्याकाळी सगळीकडे कूलर आणि पंप चालू असताना व्होल्टेज घसरलेले असते. तोच प्रयोग पहाटे करा. पहाटे आकडा सुधारला, तर ओव्हन निर्दोष!

आत ठिणग्या उडतात. प्रथम सोनेरी काठाची कपबशी, विसरलेला चमचा किंवा चांदीचा वर्ख लावलेली मिठाई आत होती का, आठवा. तसे काही नसेल, तर आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा पाहा. लहरी त्याच्यामागून येतात. त्यावर तेल आणि मसाल्याचे शिंतोडे बसले की ते जळून कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहू लागते. जागा काळी पडली असेल तर ओव्हन वापरणे थांबवा आणि तो तुकडा बदलून घ्या.

थाळी फिरत नाही. बहुतेक वेळा चाकांच्या कड्याखाली भाताची शिते अडकलेली असतात किंवा थाळी मधल्या खुंटीवर नीट बसलेली नसते.

थाळी फिरण्याची गरज काय, हेही पाहता येईल. मोठ्या माणसाला जवळ घ्या. फिरणारी थाळी आणि कडे काढून ठेवा. एक काचेची थाळी खुंटीला न लागेल अशी उपडी ठेवा. तिच्यावर कच्चे पापड शेजारी शेजारी मांडा आणि पंधरावीस सेकंद ओव्हन चालवा. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही. काही ठिकाणी फुगे येतात आणि मधल्या जागा कच्च्याच राहतात. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर तरंग तयार होतात. ज्या जागी त्यांचे हेलकावे मोठे, तेथे पापड फुलतो. शेजारच्या दोन फुललेल्या जागांमधले अंतर साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या निम्मे, आढळेल. पेटी तिन्ही बाजूंनी बंद असल्यामुळे आकृती थोडी वेडीवाकडी येते. म्हणून बरीच अंतरे मोजून सरासरी काढा. तिची दुप्पट करून कंप्रतेने गुणा. प्रकाशाचा वेग तुमच्या पापडावर लिहिलेला आहे!

बाहेरून एवढे करता येते. येथे मात्र एक रेषा आहे, ती ओलांडू नका. ओव्हनचे झाकण उघडू नका. प्लग काढलेला असला तरीही नाही. आतले रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्टचे सुमारे २००० व्होल्ट करते. त्याचा शिखरदाब २८०० व्होल्टच्या आसपास जातो आणि सुमारे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्या दाबाला भारित होतो. सूत्र तुम्हांला माहीत आहे. हिशेब केला तर सुमारे ४ ज्यूल ऊर्जा येते. आकडा लहान वाटेल, पण ती सारी एका क्षणात हातातून छातीकडे जाऊ शकते. भार हळूहळू काढून घेणारा एक रोध बहुधा आत असतो. तो तुटलेला असेल तर बाहेरून ओळखता येत नाही. चालू ओव्हनच्या आत हात घालणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण तेथे मागे रोहित्र सतत वीज पुरवत असते. मी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केले आहे, वीस वर्षे वीज शिकवतो आहे, तरीही ते झाकण मी उघडत नाही. कोठे थांबायचे हे जाणणे हासुद्धा ज्ञानाचाच भाग आहे.

चुकीच्या चाचणीपासूनही सावध राहा. बंद ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून त्यावर फोन करायचा आणि घंटी वाजली तर ओव्हन 'गळतो' असे ठरवायचे, ही युक्ती बरीच चालते. पण मोबाइल अतिशय क्षीण संकेतावरही चालतो. लहरी लाखपट दुबळ्या झाल्या तरी तो वाजू शकतो. शिवाय दाराची कड २४५० मेगाहर्ट्झसाठी बेतलेली असते आणि मोबाइल बहुधा दुसऱ्याच कंप्रतेवर बोलतो. गळतीची मर्यादा, ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, ही अमेरिकेत १९७१ पासून लागू आहे, आणि ती पाहायला त्यासाठी बनवलेले उपकरणच लागते. तुमच्या हाती आहे ते एवढेच : दार वाकलेले नाही ना, बिजागऱ्या ढिल्या नाहीत ना, काच तडकलेली नाही ना आणि कडेवर तेलाचा थर नाही ना, हे पाहणे. यातले काही बिघडले असेल तर ओव्हन वापरू नये.

निगा तर त्याहूनही सोपी आहे. वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीनचार मिनिटे तापवावे, थोडे थांबावे आणि प्लग काढून ओल्या फडक्याने आतून पुसून घ्यावे. रिकामा ओव्हन चालवू नये. लहरी शोषायला काही नसेल तर त्या मॅग्नेट्रॉनकडेच परततात. मागे आणि वर मोकळी जागा ठेवावी. आपल्या उन्हाळ्यात आतल्या पंख्याला ४५ अंशांची हवा ओढूनच यंत्र थंड करायचे असते! आणि सांडलेले गोड तसेच ठेवू नये. मुंग्या आणि झुरळे बटणांमागच्या सर्किटपर्यंत पोहोचतात.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी दोन शब्द. आपल्या प्रयोगशाळेतले प्रयोग असे मांडलेले असतात की ते नेहमी यशस्वी व्हावेत. तार जोडा, दिवा लागेल. दिवा लागला नाही तर आपण घाईघाईने दुसरा संच देतो. माझे म्हणणे असे की, खरा तास तेथेच सुरू होतो. महिन्यातून एक तास 'बिघाडाचा तास' असावा. दोन सेल, एक बल्ब, एक स्विच यांच्या मंडलात शिक्षकांनी मुद्दाम एक दोष ठेवावा. कधी सेल उलटा, कधी तार आतून तुटलेली, कधी बल्ब सैल. मुलांनी तो क्रमाने शोधावा आणि वहीत केवळ 'दिवा लागला' असे न लिहिता, 'का लागत नव्हता' ते लिहावे.

काहीजण म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, तेथे हे कोठून? आणि खेड्यातल्या शाळेत मायक्रोवेव्ह कोठला? मला वाटते, एक दोष शोधताना ओहमचा नियम जितका पक्का होतो, तितका दहा उदाहरणांनी होत नाही. आणि त्यासाठी ओव्हन लागत नाही. बॅटरी, सायकल, हातपंप, काहीही चालेल. हा विचार आपल्या जिल्ह्याला परका तर मुळीच नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नयी तालीम उभी राहिली. गांधीजींचा आग्रह मुलांना नुसती टकळी फिरवता यावी एवढाच नव्हता. प्रत्येक क्रियेचे 'का' मुलांना कळले पाहिजे, हा होता. सूत का तुटले, हे विचारणारा मुलगा आणि फ्यूज का उडाला, हे विचारणारी मुलगी एकाच शाळेतली आहेत.

शेवटी त्या तरुणाविषयी. त्याच्यावर रागावणे सोपे होते. पण खरे सांगायचे तर दोनदा फ्यूज उडाला तेव्हा पैसे मोजून देणारा मीच होतो. मी पदवीधर, प्राध्यापक. 'का उडाला?' हा प्रश्न मला सुचला नाही. फ्यूज कधी उडतो हे पाहिले ते माझ्या मुलीने. त्या तरुणाच्या हाताला कसब होते, पण त्याला 'का' कोणी शिकवले नव्हते. मला 'का' शिकवले होते, पण माझा हात कधी यंत्राला लागला नव्हता. आम्ही दोघेही अर्धेच शिकलेलो.

पुढच्या आठवड्यात मी त्याला चहाला बोलावले आणि कागदावर तीन स्विचांची आकृती काढली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, ती वायर बरोबरच शॉर्ट मारत होती!"

तुमच्या घरी काही बंद पडले, तर ते चालू करण्याआधी एक मिनिट थांबा आणि ते का बंद पडले, एवढे विचारा.